पिठावरचा पंजा

माझी बायको चोरून खाते काय, हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा माझ्या मोठ्या बहिणीनं काढला. पण तो खरा धरून एकवीस दिवस मोजमाप केलं ते मी. त्यामुळे या प्रकरणात दोष वाटायचाच झाला तर बहिणीला चार आणे आणि मला बारा आणे, असा माझा हिशोब आहे. बायकोचा हिशोब वेगळा आहे. ती मला सोळाच्या सोळा देते.

मी बाजारात मापारी आहे. शेतकऱ्याचा कापूस बैलबंडीतून उतरला की तो काट्यावर चढवायचा आणि आकडा मोठ्यानं पुकारायचा, हे माझं काम. पुकारताना शेतकरी आणि व्यापारी दोघंही माझ्या तोंडाकडे बघत उभे असतात, आणि आकडा ऐकून दोघांपैकी एकाचं तोंड उतरतंच. वीस वर्षांत माझा आकडा चुकला असं एकदाच झालं. त्या दिवशी काट्याच्या पाटाखाली बेडूक अडकला होता.

ही गोष्ट महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली तेव्हाची. शेर जाऊन किलो सक्तीचे झाले होते. एक किलो म्हणजे एक शेर सहा तोळे, तेही थोडं कमी, हे मी दिवसातून पन्नास वेळा लोकांना सांगत होतो. दसऱ्याला आमच्याकडे काट्याची पूजा होते. पूजा झाली की मी घरच्या माणसांना काट्यावर उभं करून वजनं लिहून ठेवत असे. लोक मुलांची उंची भिंतीवर खुणा करून मोजतात, तसंच हे. बायको सलग तीन दसरे चोपन्न किलो होती. चौथ्या दसऱ्याला ती एकसष्ट भरली. मी काटा पुन्हा तपासला. पाटाखाली बेडूक नव्हता.

त्याच वर्षात तिची ताकद उतरत गेली, तेही मी मोजलं होतं. आमच्या गावच्या विहिरी खाऱ्या. प्यायचं गोडं पाणी दोन फर्लांगांवरून आणावं लागे. पूर्वी ती सकाळी बारा घागरी आणायची आणि वर मला ऊठ म्हणायची. आता पाच घागरींत दोनदा ओट्यावर टेकायची. मी तिला सांगितलं की हे सगळं आळसानं होतं. मी रोज चार मैल चालतो, वेळेवर जेवतो, म्हणून वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीही एक्कावन्न किलोवर आहे, असंही सांगितलं. ती म्हणाली, "हाव जी. तुमाले पाहूनच तं कावळे उडते."

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात. माझी बहीण पिंपळगाव राजाहून आली. आईवडील राहिले नाहीत, तेव्हा तिचं माहेर म्हणजे माझंच घर. मी तिला अक्का म्हणतो. चार दिवस राहून निघताना तिनं मला अंगणात बाजूला घेतलं.

"बापू, येक सांगू? रागावू नको. तुही बायको ताटात वाढून घेते चिमनीएवढं, आन् अंग पाह्य तिचं."

"मंग?"

"अन् या उनात चुलीपुढून उठत नाही. चुलीपुढं बसलेलं मानूस उपाशी असते का कधी?"

"म्हंजे ती चोरून खाते म्हनतं का तू?"

"म्या काई म्हनलं नाही. मापारी तू आहेस. जे आत गेलं नाही ते बाहेर दिसन कसं?"

हे शेवटचं वाक्य नेमकं माझ्या मर्मावर लागलं, कारण ते माझंच होतं. वजन हवेतून येत नाही, हे मी शेतकऱ्यांना वीस वर्षं ऐकवत आलो होतो. आणि बायको चुलीपुढून उठत नाही, हे खरंच होतं. आमच्याकडे वैशाखात दुपारी भिंतीला पाठ टेकवत नाहीत, चटका बसतो. ती मात्र स्वयंपाक झाल्यावरही निखाऱ्यांपुढे बसायची आणि पहाटे गोधडी ओढून घ्यायची. आम्ही उघड्यावर पाण्याच्या पट्ट्या घेऊन निजत होतो, तेव्हाची ही गोष्ट.

कापसाचा हंगाम संपला होता. बाजारात तुरळक ज्वारी येत होती. रिकामा मापारी घरात फार वाईट. मी बाजारातून लहान तराजू आणि वजनं घरी आणली आणि दुरेघी वही उघडली.

पहिले तीन दिवस बायकोला वाटलं मी किलोचा सराव करतो आहे. मी तिच्या ताटातली भाकर उचलायचो, तोलायचो, परत ठेवायचो. वरण वाटीसकट तोलायचो आणि वाटी वजा करायचो. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "माह्याच ताटातलं काऊन तोलता? पोरायचं काऊन नाही?"

मला खोटं बोलता येत नाही. हा गुण आहे असं लोक म्हणतात, पण लोक माझ्या घरात राहत नाहीत. मी तिला अक्काचं बोलणं सांगितलं, शब्दाला शब्द.

तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "आन् तुमाले काय वाटते?"

"मले काई वाटत नाही. आकडा काय सांगते ते पाहू."

"पाहा मंग. पन माह्यं तोललं तं तुमचंबी तोला. येका काट्यावर दोन गिऱ्हाईकं."

हे न्यायाचं होतं. त्या दिवसापासून वहीत दोन रकाने झाले. माझ्या रकान्याकडे बघायला मला पुढे पुढे लाज वाटू लागली. दोन्ही वेळच्या मिळून मी सात भाकरी खात होतो, ती साडेतीन. ती माझ्या अर्ध्यावर कशी आली हेही मला कळलं. माझ्या ताटात चौथी भाकर टाकण्याआधी ती विचारायची, "अर्धी का सगळी?" मी अर्धी म्हणायचो आणि उरलेली अर्धी ती घ्यायची. मग दोन घासांनी मी म्हणायचो, "तेबी दे." आयुष्यभर मला वाटत होतं की मी मितभोजी आहे.

पण ताटातलं उघड असतं. संशय होता तो ताटाबाहेरचा. आणि इथे मी ती चूक केली, जी मापाऱ्याशिवाय दुसरा कोणी करणार नाही.

धान्याची रास रात्रभर उघड्यावर ठेवायची वेळ आली की आम्ही तिच्यावर राखेचे पंजे उमटवतो. हात राखेत बुडवायचा आणि राशीवर चार बाजूंनी दाबायचा. कोणी मूठभर जरी दाणे काढले तरी दाणे घसरतात, पंजा मोडतो, आणि सकाळी चोरी कळते. कुलपापेक्षा पक्की रीत आहे. मी घरातल्या डब्यांना तीच लावली. राख नको म्हणून नुसता हात. शेंगदाण्यांत पंजा नीट उमटेना, गुळाची ढेप तर दगड. पण ज्वारीच्या पिठात असा सुरेख उमटला की हातावरच्या रेषा मोजाव्यात. आठव्या दिवशी दुपारी, बायको पाण्याला गेली असताना, मी तो पिठावर दाबला, डब्याला झाकण लावलं आणि कामावर गेलो.

संध्याकाळी परत आलो. हातपाय धुऊन पाटावर बसलो. मुलं आधीच बसली होती. ताटात वरण आलं, भाजी आली, मिरचीचा ठेचा आला. भाकर आली नाही.

"भाकर?" मी विचारलं.

"नाही केली."

"पीठ सरलं का?"

"पीठ हाये. डबाभर हाये. पन तुमचा पंजा आहे त्यात. मोडला तं चोरी होईन ना."

मुलीनं वरणाच्या वाटीत बघितलं. मुलगा हसला आणि बहिणीचं कोपर लागल्यावर थांबला. मी म्हणालो की स्वयंपाकासाठी काढायला हरकत नव्हती.

"मले काय मालूम? राशीवरचा पंजा मालकानंच मोडावा लागते म्हने. तुमीच सांगत असता."

डबा माझ्यापुढे येऊन बसला. तिनं झाकण काढलं. पंजा जसाच्या तसा होता, करंगळीसुद्धा. त्याच्याभोवतीचं पीठही तिनं हलवलं नव्हतं. मी मुलांसमोर स्वतःच्या पंजात हात घातला आणि पीठ काढून परातीत टाकलं. ती भाकऱ्या थापायला बसली. पहिली भाकर तव्यावरून उतरली तेव्हा तिनं ती माझ्या ताटात न टाकता तराजूत टाकली आणि म्हणाली, "पुकारा."

मी पुकारलं नाही.

यापुढचे तेरा दिवस ती माझ्याशी गरजेपुरतं बोलली. मोजमाप मात्र तिनं थांबू दिलं नाही. मीच एकदा म्हणालो की पुरे झालं. ती म्हणाली, "नाही. अर्ध्यात सोडलं तं मी अर्धी चोर राहीन." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही गंमत नाही. अक्का सासरी जाऊन कोणाकोणाशी बोलली असेल, आमच्या गल्लीत किती जणींना माहीत असेल, हे मला मोजता येत नव्हतं, पण तिला ते रोज पाणवठ्यावर ऐकू येत होतं. घागर उचलताना ती धापा टाकायची आणि मागून कोणीतरी म्हणायची, "खाल्लेलं जिरून नाही राह्यलं का वो माय?"

एकविसाव्या दिवशी बाजार बंद होता. आम्ही दोघं मोठ्या काट्याकडे गेलो. सुरुवातीला आम्ही दोघंही काट्यावर उभे राहिलो होतो, तेव्हा ती त्रेसष्ट किलो होती. ती पाटावर उभी राहिली. वजा करायला म्हणून मी तिचं तसलंच दुसरं लुगडं पेटीतून आणून आधी तोललं होतं.

"बारदाना वजा करून राह्यले का?" तिनं विचारलं.

"लुगडं तं वजा कराच लागन."

"पोत्यावानी शिवून टाका मले, म्हंजे झालं."

त्रेसष्ट किलो आठशे. एकवीस दिवस माझ्या अर्धं खाऊन ती आठशे ग्रॅम वाढली होती. माझ्यात तीनशे घट होती. मी बाजाराची छाप असलेली वजनं ठेवून काटा तपासला. बरोबर. वहीतली बेरीज उलट बाजूनं केली. बरोबर. घरातल्या डब्यांची घट आणि ताटांतला आकडा जुळत होता. आकडे चुकले असते तर मला बरं वाटलं असतं. ते सगळे बरोबर होते, आणि मी घाबरलो.

दुसऱ्या दिवशी मी हा प्रश्न आमच्या हमालांच्या म्होरक्यापुढे टाकला. घरचं म्हणून नाही, मालाचं म्हणून. माणूस साठीचा, कापसाच्या ढिगाशेजारून चालत गेला तरी ढिगाचं वजन सांगणारा. ज्वारीच्या पोत्याला टेकून बिडी ओढत बसला होता.

"समजा," मी म्हणालो, "एका गंजीत माल कमी टाकून राह्यलो. कोनी चोरून आनून टाकत नाही, पहारा आहे. तरी वजन वाढून राह्यलं. तं काय समजाचं?"

त्यानं विचारसुद्धा केला नाही. "पानी."

"पानी?"

"पानीच असन. दुसरं काय? वीस साल काट्यावर बसले, अन् हे मले इचारून राह्यले?"

कापूस जड भरावा म्हणून लोक त्यावर पाणी मारतात, आणि तो ओलेपणा मुठीत ओळखणं हा माझ्या धंद्याचा पहिला धडा. ओला कापूस दाबला की गोळा होऊन राहतो, कोरडा फुलून येतो. मी तसाच घरी गेलो. बायको चुलीपुढे होती. मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला नाही. पण हात लावल्यावर कळलं की कातडी थंड आहे. मे महिन्यात, चुलीपुढे, थंड. मग मी तिच्या तोंडाकडे बघितलं. एकवीस दिवस मी तिच्या ताटाकडे बघत होतो, तोंडाकडे नव्हतो. पापण्या सुजल्या होत्या. भुवया कडेनं विरळ झाल्या होत्या. बोलली ती जाड्या, घोगऱ्या आवाजात, आणि हा आवाज कधीपासूनचा आहे ते मला सांगता आलं नसतं.

"आता काय पाय तोलता?" ती म्हणाली.

"खामगावले जाऊ. डॉक्टरकडे."

"चोराले आता फौजदाराकडे नेता का?"

पण आली.

डॉक्टर म्हातारे होते, बोलायला हळू. त्यांनी तिच्या गळ्यावर मागून बोटं ठेवली आणि पाणी गिळायला लावलं. केस गळतात का, झोप फार येते का, थंडी वाजते का, पोट साफ होतं का, असं विचारत गेले. ती प्रत्येकाला हाव म्हणत गेली आणि माझ्याकडे बघत गेली, कारण यातलं मी काहीच तिला कधी विचारलं नव्हतं. मग त्यांनी तिला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवलं आणि टाचेच्या वर लहान हातोडी मारली. पाऊल झटकन हललं, पण माघारी यायला त्यानं तालुक्याच्या कचेरीतल्या कागदाइतका वेळ घेतला. डॉक्टरांनी मान हलवली.

"खाणं किती आहे?" त्यांनी विचारलं.

मी वही पुढे केली. डॉक्टर ती पानापानानं वाचत गेले. सातव्या-आठव्या पानावर त्यांचे खांदे हलायला लागले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

"बाई," ते बायकोला म्हणाले, "तीस वर्षांत माझ्याकडे असा कागद आला नाही. जास्त खात नाही असं प्रत्येक जण सांगतो. तुम्ही पुराव्यासकट आलात."

"पुरावा त्याईनं माह्या इरोधात जमवला," ती म्हणाली.

"असेल. पण साक्ष तुमच्या बाजूनं दिली आहे."

मग त्यांनी मला समजावलं. गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते, तिला थायरॉइड म्हणतात. ती एक रस रक्तात सोडते. त्याला हार्मोन म्हणतात. खाल्लेलं सगळं अंगावर भरत नाही, बरंचसं जळतं, त्यानं अंग गरम राहतं आणि हातपाय चालतात. किती जाळायचं हे तो रस ठरवतो. रस कमी पडला की चूल मंदावते. सरपण कमी टाकलं तरी पडून राहतं, घर थंड, माणूस मंद, आणि कातडीखाली पाणी धरून ठेवलं जातं.

"पानीच," मी म्हणालो. "पन दाबलं तं खळगा पडला नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट बघितलं. "बरोबर. हे पाणी वेगळं. चिकट असतं, दाबून हलत नाही."

"त्या ग्रंथीचं वजन किती?"

"असेल दोन तोळे."

"आन् रस?"

"तुमच्या काट्यावर लागणार नाही. वर्षभराचा सगळा जमवला तरी चिमटीभर मोहरीइतका भरायचा नाही."

मला हे सोसवेना. कापसात वाळण्याची घट प्रत्येक ढिगाला वेगळी धरतात, हे मला माहीत होतं. माझ्या घरात मात्र मी दोघांनाही एकच घट धरली होती, आणि ती माझी. मी डॉक्टरांना म्हणालो की मग मी सात भाकरी खाऊन एक्कावन्नवर आहे, तो माझ्या चालण्याचा गुण नाही काय.

"चार मैल चालणं चांगलंच आहे. चालत राहा. पण तुमच्या सडपातळपणातली अर्ध्याहून जास्त करामत तुमची नाही. तुमची चूल जन्मतः भडक आहे, इतकंच."

बायको दिवसभरात पहिल्यांदा हसली. खोकला आल्यासारखं केलं, पण हसली.

ती कंपाउंडरकडे गेली तेव्हा डॉक्टरांनी मला थांबवलं. जो रस अंगात बनत नाही तो बाहेरून द्यावा लागतो, आणि तो जनावराच्या त्याच ग्रंथीपासून काढतात. ग्रंथी वाळवून तिची पूड, पुडीची गोळी. रोज एक ग्रेन, बहुधा जन्मभर. त्यांनी तिच्या गळ्यातली तुळशीची माळ बघितली होती.

"कोन्या जनावराची?"

"मेंढीची असेल. मी शपथेवर सांगू शकत नाही. घरात सांगायचं की नाही ते तुम्ही बघा. पुष्कळ लोक सांगत नाहीत."

मोटारीत मी बाटली खिशात धरून बसलो. तिनं दोनदा विचारलं, "कायची गोळी आहे?" मी म्हणालो, "अर्ध्या गुंजेची." एक ग्रेन म्हणजे अर्धी गुंज, हे खरं होतं. पण तिनं वजन विचारलं नव्हतं. तिनं लग्नाआधी, वडनेर भोलजीला माहेरी असताना, माळ घातली होती. माझ्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. सांगितलं आणि तिनं नाही म्हटलं, तर चूल मंदावत जाणार. डॉक्टरांनी ते कुठपर्यंत जातं हेही सांगितलं होतं. न सांगता गोळी दिली तर ती बरी झाली असती आणि कोणालाच कळलं नसतं.

पण मग आमच्या घरात चोरून खाणं खरोखरच सुरू झालं असतं, आणि ते चारणारा मी असतो. शेजारी एक बाई कोंबड्याची टोपली घेऊन बसली होती. ती उतरेपर्यंत मी थांबलो आणि मग बायकोला सगळं सांगितलं. मेंढीची आहे हे पक्कं नाही, हेही.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मोटार दोनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा ती म्हणाली, "नाही सांगतलं असतं तं मले मालूम पडलं असतं का?"

"नाही."

"मंग सांगतलं काऊन?"

"पिठाचं झालं तेवढं बस झालं."

घरी आल्यावर बाटली देवाच्या फळीवर दोन दिवस होती. मी येता-जाता तिकडे बघत होतो. गोळ्या मोजल्या होत्या, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून आली, माळ काढली, डोळ्यांना लावली आणि फळीवर ठेवली. गोळी पाण्याबरोबर घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"घेईन मी," ती म्हणाली. "पन अक्काले तुमी सांगाचं. दोन्ही सांगाचं. म्या चोरून खाल्लं नाही, हे. आन् आता जे खाते ते सांगून खाते, हेबी. पयलं सांगून दुसरं गिळाचं नाही."

गोळ्यांनी काय झालं ते इथेच सांगून टाकतो. तीन आठवड्यांनी तिनं गोधडी टाकली. दोन महिन्यांत आवाज परत आला, आणि त्याचा पहिला उपयोग माझ्यावरच झाला. पोळ्यापर्यंत ती नऊ घागरींवर आली. बारावर आली तेव्हा मी मोजणं सोडलं होतं, मुलीनं सांगितलं. तराजू बाजारात परत गेला.

पण अक्काकडे जायचं होतं ते त्याच आठवड्यात. मी बाजार बंद असलेल्या दिवशी पिंपळगाव राजाला गेलो. अक्का ओसरीवर लोणच्यासाठी कैऱ्या फोडत बसली होती. मी उभ्या उभ्या दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिनं विळी बाजूला केली.

"दोन तोळ्याची गाठ?"

"हाव."

"आन् मी साऱ्या गावाले सांगून बसली ना रे." मग तिचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. अक्का अंगानं चांगली भरलेली आहे. "माह्यी पाह्य बरं. माह्यी ठीक आहे का?"

"मी डॉक्टर नाही."

"आन् ते जनावराचं खाते? माळकरी बाई?"

"सांगून खाते. तुलेच आधी सांगाले लावलं."

अक्का उठून चहा टाकायला आत गेली. चहा झाला. कपबशी खाली ठेवताना तिनं सहज विचारलं, "मंग भरली किती ती? शेवटी काट्यावर?"

"मले मालूम आहे."

"मालूम आहे तं सांग ना."

"तिले इचार."

"तू मापारी, आन् मी तिले इचारू? साऱ्या बाजाराले वरडून सांगतं तू आकडे. काऊन रे?"

मी पायात वहाणा घातल्या. तिला राग आला, आणि राग आला की ती काहीतरी द्यायला लागते. तिनं कैऱ्यांची पिशवी भरली, तोंड सुतळीनं बांधलं आणि माझ्यापुढे आपटली.

"हे तिले दे. लोनचं घालाले. आन् मोजू नको."

मी मोजल्या नाहीत. पण पिशवी मोटारीपर्यंत हातात होती, आणि वीस वर्षांच्या हाताला अंदाज येतोच. घरी आल्यावर बायकोनं ती उचलून बघितली आणि विचारलं, "किती असन?" मी म्हणालो, अक्कानं मोजू नको म्हटलं आहे. तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग विळी ओढून घेतली आणि सुतळी सोडायला लागली.